लर्निंगची परीक्षा नेमकी कोण देतं?

लर्निंग लायसन्सची परीक्षा सध्या चेष्टेचा विषय झालीय, म्हणून थोडा इतिहास. १९३९ चा मोटार वाहन कायदा जाऊन १९८८ चा आला, १ जुलै १९८९ ला लागू झाला. सोबतच्या केंद्रीय नियमांत, ११ व्या नियमात, परीक्षेचे विषय आहेत: वाहतूक चिन्हं, जवळ बाळगायची कागदपत्रं, गेटमन नसलेलं रेल्वे फाटक. आणि अपघातात माणूस जखमी झाला तर चालकाचं कर्तव्य काय? माझ्या मते हाच सगळ्यात मोठा. पास व्हायला ६० टक्के पुरतात.

२०२१ पासून महाराष्ट्रात ही परीक्षा घरबसल्या देता येते. हेलपाटे वाचले, चांगलंच झालं. पण आमच्याकडे बघतो तर आधार पोराचं आणि उत्तरं एजंटची. जखमीला आधी दवाखान्यात न्यायचं असतं, हे त्या पोराला कुणी विचारलेलंच नाही.