मांजराचे नख आणि माणसाचे घर

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे गड, तह आणि लढाया उभ्या राहतात. जुन्नरच्या परिसरात तर हे साहजिकच आहे. एका अंगाला शिवनेरी, दुसऱ्या अंगाला नाणेघाट. येथे पाऊल टाकावे तेथे दोन हजार वर्षे पायाखाली येतात. अशा भूमीतल्या पिंपरी पेंढारसारख्या गावाकडे पाहत मांजराचा इतिहास सांगायचा म्हटले, तर श्रोत्यांपैकी काहींना ती थट्टा वाटेल. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना मात्र तसे वाटणार नाही. दोरीवरचे नवे पातळ खाली ओढून त्याचे धागे काढलेले, हप्त्याने घेतलेल्या कोचाची पाठ ओरबाडून आतला काथ्या बाहेर आलेला, पडद्याला खालपासून वरपर्यंत नखांची शिडी झालेली, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: हे जनावर ठेवावे की घालवावे?

आमचे म्हणणे असे की, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी हे जनावर आपल्या घरात आले कसे ते पाहिले पाहिजे. कारण ज्या खोडीबद्दल आपण त्याला शिक्षा करतो, तिच्या पोटी बराच मोठा इतिहास आहे.

मांजराला माणसाने पकडून आणले नाही. गाय, बकरी, कुत्रा यांच्यापेक्षा त्याची कथा निराळी आहे. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, त्या धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे तिकडचे रानमांजर आले. आपल्या उसात दिसणारा बाऊल किंवा इवलीशी वाघाटी हे त्याचे चुलतभाऊ. परंतु घरातील मांजर त्यांचे वंशज नव्हे. ते आफ्रिका आणि पश्चिम आशिया येथील रानमांजराच्या जातीतून आले, असे प्राणिशास्त्रज्ञांनी अलीकडे आनुवंशिक तपासणीने दाखवून दिले आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले. बेटावर रानमांजर मुळात नव्हते. अर्थात ते कोणीतरी होडीतून नेले होते. आपल्याकडे सिंधू संस्कृतीच्या चन्हूदडो या ठिकाणी एका विटेवर मांजराच्या आणि कुत्र्याच्या पावलांचे ठसे मिळाले आहेत. वीट ओली असताना मांजर पुढे आणि कुत्रे मागे असे धावत गेले असावे. शास्त्रे आणि कथा यांतही ते लवकरच दिसते. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला बैडालव्रतिक म्हटले आहे, पंचतंत्रात मांजर न्यायाधीश होऊन वादी आणि प्रतिवादी दोघांनाही खाते, आणि महाबलीपुरमच्या सातव्या शतकातील शिल्पात ते मागच्या पायांवर उभे राहून तप करते. आपल्या पूर्वजांना त्याच्या साधुत्वाबद्दल कधीच भ्रम नव्हता, हे यावरून दिसते. तरी त्यांनी त्याला घरात ठेवले.

का ठेवले, हे जुने मराठी घर पाहिले की कळते. आपल्या घरांची रचनाच धान्याभोवती होती. जमिनीखाली पेव, भिंतीत बळद, ओसरीच्या कडेला शेणामातीने लिंपलेली कणगी. शिवनेरीसारख्या गडावरही अंबरखाना आहे. कारण गडावरच्या शिबंदीला तोफेइतकीच जोंधळ्याचीही गरज असते. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे मांजर लागणारच. ते पगार मागत नसे. सकाळी वाटीभर ताकभात मिळाला की झाले.

त्याच्या चोरीवर उपायही घराच्या रचनेतच होता. दुधादह्याची भांडी शिंक्यावर टांगलेली असत. ‘शिंक्याचे तुटले नि बोक्याचे साधले’ ही म्हण याच व्यवस्थेतून निघाली. शिंके पक्के ठेवणे हे घरधनिणीचे काम आणि खाली बसून वाट पाहणे हे बोक्याचे, असा हा मुकाट्याचा करार होता. पिले झाली की मांजरी त्यांना सात घरे फिरवते अशी समजूत होती. म्हणजे मांजर एका घरचे नसून आळीचे असे.

आता नखांचे पाहा. त्या घरात मांजर नखे काढीत नव्हते काय? काढीतच होते. पण गोठ्याचा बाभळीचा खांब, चौकटीचा जुना सागवान, अंगणातले लिंबाचे झाड, तागाचे पोते, अशा हजार जागा त्याला मोकळ्या होत्या. घरात कापड म्हणाल तर दोन लुगडी, दोन धोतरे आणि जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी. सणाचे वस्त्र पेटीत कुलपाखाली. फार तर मांजरी गोधडीच्या घडीत विते आणि सासूबाई रागावतात. तात्पर्य, खोडी तीच होती. नुकसान होण्यासारखी वस्तू घरात नव्हती.

मांजराची सर्वांत गंभीर परीक्षा प्लेगच्या काळात झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप दिसला, आणि लवकरच तो पुण्यात पोचला. १८९७ च्या रँडवधाची हकीकत आपण शाळेत शिकलो. पण गावोगावच्या माणसांनी जे पाहिले ते असे की, आधी घरात उंदीर मरून पडतात आणि मग माणसे पडतात. घरे सोडून माणसे माळावर झोपड्यांत राहायला गेली. १८९८ साली कराचीत पॉल लुई सिमों या फ्रेंच वैद्याने उंदरावरील पिसवेकडे बोट दाखविले, आणि १९०५ नंतरच्या तपासणीत त्याचे म्हणणे पक्के ठरले.

याच सुमारास आपल्या वऱ्हाडात, अमरावतीस, लेफ्टनंट कर्नल बुकॅनन नावाचे सरकारी शल्यचिकित्सक होते. त्यांनी गावोगाव मांजरांची मोजदाद केली आणि १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून सांगितले की, ज्या गावांत पुष्कळ घरांतून मांजरे आहेत तेथे प्लेग कमी. लस आणि स्थलांतर यांच्या जोडीला मांजर पाळण्यास उत्तेजन द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. या विचाराचे मोल पाहा. ज्या सरकारचे अंमलदार काही वर्षांपूर्वी घरात घुसून सामान जाळीत होते, त्याच सरकारचा एक डॉक्टर म्हणत होता की रयतेच्या चुलीजवळ बसलेला हा प्राणी तुमच्या बंदोबस्तात सामील करा.

बुकॅनन यांचे म्हणणे संपूर्ण सत्य मानता येत नाही. मांजराला स्वतःला प्लेग होतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात १९७७ नंतर मांजरांपासून माणसांना प्लेग झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. शिवाय जेथे मांजरे जास्त तेथे इतरही काही कारणे असू शकतात. परंतु एक गोष्ट उरते: शंभर वर्षांपूर्वीपर्यंत मांजर ही आपल्या घराची शोभा नव्हती, घरच्या आरोग्याचा भाग होती.

त्यानंतर घर बदलले. कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली, शेणाच्या जमिनीवर फरशी आली, शिंक्याचे काम रेफ्रिजरेटरने घेतले, उंदरांसाठी दुकानात औषध मिळू लागले. बाभळीचा खांब गेला आणि मखमली कोच आला. मांजराचे काम कमी झाले, आणि त्याच्या नखांपुढे प्रथमच महाग वस्तू मांडली गेली.

जुन्नर आणि आंबेगावच्या टापूत आणखी एक बदल झाला. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगा या पाच धरणांनी कोरडवाहू शिवारात पाणी फिरवले. ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. तोही मार्जारकुळातलाच. शेजारच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्याच्या आहारात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यात ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा, आणि त्यांच्या खालोखाल घरातली मांजरे होती. २०२४ साली पिंपरी पेंढारच्या शिवारात माणसेही बळी गेली. अशा गावात दिवस मावळताच दार बंद होते, आणि पूर्वी रात्रभर शिवार फिरणारे मांजर आता बारा बारा तास चार भिंतींत राहते. मग ते कोच ओरबाडते याचे नवल कसले?

येथे आम्हाला खोडी या शब्दाबद्दलच थोडे बोलावेसे वाटते. मांजर नखे घासते ते आपल्यावर सूड उगवण्यासाठी नव्हे. नखावरचे जुने कवच त्यामुळे गळून पडते, पाठ आणि खांदे ताणले जातात, आणि पंजातील ग्रंथींचा वास त्या जागी राहतो. ही माझी जागा, असे लिहून ठेवण्याची त्याची ती लिपी. म्हणूनच ते अडगळीतली खुर्ची सोडते आणि घरची माणसे जेथे बसतात तो कोच निवडते. काही मांजरे लोकर चघळतात. तेथेही वैर नसते. मारल्याने यातले काहीच थांबत नाही. ते फक्त आपल्या पाठीमागे होऊ लागते.

जुन्या घराने जे सहज दिले होते, ते नव्या घराने जाणूनबुजून द्यावे लागते. मांजर पाठ ताणून उभे राहील एवढा उंच, न हलणारा लाकडी खांब घ्यावा, त्याला सुतळी किंवा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी, आणि तो कोपऱ्यात न टाकता ओरबाडलेल्या कोचाच्या अगदी शेजारी उभा करावा. कोचावर काही दिवस जाड चादर घट्ट ताणून बांधावी. नखांची टोके बेताने कापावीत, आतला गुलाबी भाग सोडून. संध्याकाळी दोरीला चिंधी बांधून त्याला पाव तास पळवावे आणि मग खायला घालावे. शिकारीनंतर जेवण आणि जेवणानंतर झोप हा त्याचा जुना क्रम आहे. चांगले कपडे पूर्वीप्रमाणे पेटीत अथवा कपाटात ठेवावेत. परदेशांत काही जण मांजराची नखेच काढवून घेत. त्यात बोटाचे शेवटचे हाड कापले जाते. ब्रिटनमध्ये ती शस्त्रक्रिया कायद्याने बंद आहे, आणि २०१९ साली न्यूयॉर्क राज्यानेही ती बंद केली. आपण ती प्रथा आणू नये.

आणि आपली स्वतःची एक प्रथा मोडावी. खोडकर मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे किंवा वेशीबाहेर सोडून येणे हा खेड्यापाड्यांतला जुना उपाय आहे. तो पूर्वीही दयेचा नव्हता. तरी पलीकडच्या गावात कोणाची तरी कणगी होती, आणि मांजराला नवे घर मिळण्याचा संभव होता. आज पलीकडे ऊस आहे. तेथे सोडलेले मांजर म्हणजे बिबट्याच्या पुढे टाकलेला घास. असा घास मिळत राहिला की बिबट्याचे पाऊल वस्तीकडे अधिक वळते, आणि ज्या घराने कोच वाचवला त्याच्या अंगणात मुले खेळत असतात. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे उपासमारीने किंवा तहानेने वेदना सोसाव्या लागतील अशा स्थितीत जनावर विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. कायद्याचे भय दूर ठेवले, तरी हिशेब एवढा सरळ आहे. ज्याला ठेवणे खरोखर जमत नाही त्याने दुसरे घर शोधून हातात हात देऊन ते द्यावे. ज्याने ठेवले आहे त्याने वेळीच पशुवैद्याकडून त्याची नसबंदी करून घ्यावी, म्हणजे पोत्यात घालण्याजोगी पिले मुळात होणारच नाहीत.

पेवे बुजली, शिंकी गेली, प्लेगच्या झोपड्या उठल्या. त्या सर्व काळात आपल्या धान्याची राखण करणारा हा प्राणी तेवढा आपल्याजवळ उरला आहे. त्याच्यासाठी बाभळीचा एक खांब घरात पुन्हा उभा करणे हे काही फार मोठे देणे नव्हे.