३०२ चं कूळ

शेव्हरोलेची कॅमारो झेड-२८ आणि फोर्डची मस्टँग बॉस ३०२. १९६९ सालच्या या दोन गाड्यांची माहिती शेजारी शेजारी ठेवली की नजर अडखळते. कंपन्या हाडवैरी, पण इंजिन दोघींचंही ३०२ घन इंचांचं. आठही सिलिंडरांचा व्यास चार इंच, पिस्टनची धाव तीन इंच आणि जाहीर केलेली ताकद २९० अश्वशक्ती, तीही मिनिटाला ५,८०० फेऱ्यांनाच!

झेड-२८ आली १९६७ मध्ये, बॉस दोन वर्षांनी. म्हणून फोर्डने नक्कल केली, असं अनेक शौकीन छातीठोकपणे सांगतात. मला ते मान्य नाही. ३०२ या आकड्याचं मूळ अमेरिकी कारखान्यात नाहीच, ते आहे लिटर या मापात. १९६६ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्स-ॲम शर्यतींनी आंतरराष्ट्रीय नियमावली उचलली आणि मोठ्या इंजिनांवर पाच लिटरची मर्यादा आली. घन इंचात मोजणाऱ्या अमेरिकेसाठी ते ३०५ झाले.

आता गणित करा. व्यास चार इंच असला तर आठ सिलिंडरांत धावेच्या दर इंचामागे सुमारे १००.५ घन इंच जागा होते. म्हणजे ३०५ च्या आत राहायचं तर धाव ३.०३ इंचांपलीकडे जाऊच शकत नाही. शेव्हरोलेच्या ३२७ इंजिनाचा व्यास चार इंच होता. जुन्या २८३ इंजिनाचा तीन इंची क्रँकशाफ्ट त्यात बसवला आणि काम झालं. फोर्डच्या २८९ चा व्यासही आधीपासून चारच. १९६८ मध्ये धाव २.८७ वरून तीनवर नेली. फोर्डने ती साध्या गाड्यांसाठी वाढवली, शर्यतीशी तिचा संबंध नाही, असंही म्हणतात. असेल. पण ती नेमकी तीनवर थांबली, यामागे मला शर्यतच दिसते.

२९० चा आकडा मात्र उचललेलाच, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही इंजिनं ५,८०० च्या पुढेही जोर लावत होती. खरी ताकद जाहीर आकड्याहून बरीच जास्त असणार. त्यातून १९६८ मध्ये बंकी कनूडसन शेव्हरोलेची मालक असलेल्या जनरल मोटर्समधून येऊन फोर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांच्यामागून आलेल्या लॅरी शिनोडांनी बॉसला रूप आणि नाव दिलं. शेव्हरोलेचा कागद त्यांना नवा नव्हता.

खरा फरक सिलिंडर हेडमध्ये होता. बॉसचा हवा आत घेणारा व्हॉल्व्ह २.२३ इंचांचा, कॅमारोचा २.०२. उंच फेऱ्यांवर बॉस मोकळा श्वास घेई, पण कमी वेगात तेच जड जाई. पुढच्या वर्षी फोर्डनेच व्हॉल्व्ह थोडा लहान केला. शर्यतीत १९६८ आणि १९६९ मार्क डोनह्यूच्या कॅमारोचे, १९७० पार्नेली जोन्स आणि जॉर्ज फॉल्मर यांच्या मस्टँगचं.

त्याच वर्षी मोठं इंजिन शर्यतीपुरतं लहान करायची मुभा मिळाली. झेड-२८ लगेच ३५० घन इंचांवर गेली आणि शेव्हरोलेचं ३०२ तीन वर्षांत संपलं. फोर्डच्या साध्या ३०२ ने पुढे मस्टँगवर ५.० लिटरचा बिल्ला मिरवला, भरत होतं ४.९ च. दोघींतून माझी निवड बॉसची: उशिरा आली, पण हेड तिचंच सरस.