जोगळटेंभीच्या नाण्यांची साक्ष

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी होती सुमारे १३,२५०. प्रत्येकाचे वजन साधारण दोन ग्रॅम, म्हणजे सगळी मिळून पंचवीस किलोच्या घरात चांदी. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ही नाणी तपासली आणि त्यांचा वृत्तांत रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. सातवाहनांच्या इतिहासात या साठ्याइतका उपयोगी पडलेला दुसरा साठा क्वचितच असेल. त्याचे कारण नाण्यांची संख्या नव्हे.

नाणी होती क्षहरात घराण्यातील क्षत्रप नहपान याची. एका बाजूस राजाचा मुखवटा आणि त्याभोवती ग्रीक लिपीतील अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत राजाचे नाव. परंतु यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर नंतर दुसरा छाप मारलेला होता. एकीकडे तीन कमानींचा डोंगर व त्याखाली नागमोडी रेघ, दुसरीकडे चार वर्तुळे जोडलेले, ‘उज्जयिनी चिन्ह’ म्हणून ओळखले जाणारे चिन्ह. आणि ब्राह्मीत नाव गौतमीपुत्र सातकर्णी याचे.

त्या काळी नाणे ठोकून तयार करीत. ऐरणीत एक ठसा पक्का बसवायचा, त्यावर चांदीची चकती ठेवायची, वर दुसरा ठसा धरून हातोड्याचा घाव घालायचा. चकतीऐवजी जुने नाणेच ठेवले तर नव्या छापाखाली जुना छाप दबतो, पण पुरता पुसला जात नाही. जोगळटेंभीच्या कित्येक नाण्यांवर डोंगराच्या कमानीआडून नहपानाचे नाक किंवा कान डोकावतो. वर्गात हे दाखवायचे असेल तर साबणाच्या ओल्या वडीवर निरनिराळ्या नक्षीची दोन बटणे एकाच जागी पाठोपाठ दाबावीत. कोणते बटण नंतर दाबले, हे विद्यार्थी न सांगता ओळखतात.

भूगर्भशास्त्रात वरचा थर नंतरचा, हा नियम आहे. येथे तो नियम नखाएवढ्या नाण्यात सापडतो. गौतमीपुत्राचा छाप नहपानाच्या छापावर आहे, उलट एकही नाही. म्हणजे नहपान आधी, गौतमीपुत्र नंतर. शिवाय एवढ्या प्रमाणावर नहपानाची नाणी गौतमीपुत्राच्या टांकसाळीत आली, तेव्हा दोघांमध्ये फार मोठा काळ गेलेला नसावा. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपल्या पुत्राने क्षहरातांचा निर्वंश केला, असे ती त्यात सांगते. मातेने पुत्राची केलेली ही स्तुती, तीही त्याच्या पश्चात नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीत कोरलेली. इतिहासकाराने अशा लेखाकडे थोडे सावधपणे पाहिले तर त्याचा दोष नाही. नाणी मात्र स्तुती करीत नाहीत.

याच लेण्यांत त्याच धाटणीचा आणखी एक पुरावा आहे. राज्याच्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्राने भिक्षूंना एक शेत दान दिले. पूर्वी हे शेत उषवदाताकडे होते, असे त्या लेखात नोंदले आहे. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. नाण्यावरचे नाव बदलले, तसा शेताचा धनीही बदलला.

उषवदात हा दानशूर माणूस, आणि त्याच्या लेखांत हिशेब फार नेटके आहेत. त्याने ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. पैकी २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. त्या व्याजातून त्याच्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे होते. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस गुणिले बारा तितकेच. सरळव्याजाचे याहून सुंदर उदाहरण गणिताच्या पुस्तकात मिळणार नाही. हे कार्षापण म्हणजे नहपानाची चांदीची नाणीच, असे धरले तर जोगळटेंभीच्या साठ्यात अकराशे भिक्षूंच्या वर्षभराच्या वस्त्रांची सोय होती.

आता या साक्षीची उलटतपासणी करू. नाणी क्रम सांगतात, साल सांगत नाहीत. नहपानाच्या काळातील लेखांत ४१, ४२, ४५ आणि जुन्नरच्या लेखात ४६ अशी वर्षे येतात. ही वर्षे शक संवताची मानली तर ४६ म्हणजे इ. स. १२४. मग गौतमीपुत्राचा विजय त्याच सुमारास किंवा थोडा नंतर. परंतु ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदराच्या प्रदेशाचा राजा म्हणून एक नाव येते, ते नहपानाचेच असावे. आणि हा ग्रंथ इ. स. पहिल्या शतकाच्या मध्याचा मानला जातो. तसे असेल तर ४६ हे नहपानाच्या स्वतःच्या राज्याचे वर्ष ठरते आणि सगळा इतिहास सुमारे पन्नास वर्षे मागे सरकतो. नाण्यांवरचे चेहरे एकमेकांसारखे नाहीत, कोठे तरुण तर कोठे वृद्ध. स्कॉट यांना हे एकाच घराण्यातील निरनिराळे पुरुष वाटले, इतरांना दीर्घ कारकिर्दीची खूण. मला पहिल्या शतकाची बाजू अधिक पटते, कारण तीत पेरिप्लसला बाजूला सारावे लागत नाही. वाद मात्र मिटलेला नाही. तेव्हा परीक्षेच्या पुस्तकांत ‘गौतमीपुत्र : इ. स. १०६ ते १३०’ असे ठाम आकडे दिसले, तर त्यांआधी निदान ‘सुमारे’ हा शब्द लिहून घ्यावा.

नाणी वितळवून नवी का पाडली नाहीत? वितळवायला इंधन आणि मजुरी लागते, थोडी चांदी वायाही जाते. नुसता छाप मारणे स्वस्त, आणि झटपट. शिवाय पराभूत राजाच्या चेहऱ्यावर आपला डोंगर उमटवलेले नाणे बाजारात हातोहात फिरले, की राज्य कोणाचे हे दवंडीवाचून कळते. तरीही साठ्यातील चार हजारांच्या आसपास नाणी छापावाचून राहिली होती, आणि ज्याने हा साठा पुरला त्याने ती वेगळी काढली नव्हती. त्याच्या लेखी चांदी ती चांदी.

गंमत पुढेच आहे. सातवाहनांची नाणी तोवर मुख्यतः तांबे, शिसे व पोटीन यांची, चिन्हे आणि प्राणी असलेली. नहपानाच्या पराभवानंतर तेही राजाचा मुखवटा असलेली चांदीची नाणी पाडू लागले. वजन क्षत्रपांच्या नाण्यांजवळचे, मांडणीही तशीच. ही पद्धत थेट यज्ञ सातकर्णीपर्यंत चालली. लेण्यांतही तेच झाले. नाशिकला सहल नेली तर क्रमांक दहाचे, म्हणजे उषवदाताचे लेणे आधी पाहावे आणि मग क्रमांक तीनचे, बलश्रीच्या लेखाचे. ओसरीच्या दर्शनी भागाचे सहा खांब, त्यांची घंटेच्या आकाराची शीर्षे, वरची जनावरांची शिल्पे, आतला चौकोनी मंडप आणि भोवतीच्या खोल्या. क्षहरातांचा निर्वंश केल्याचा लेख ज्या भिंतीवर आहे, ते लेणे क्षहरातांच्या लेण्याच्या नमुन्यावरच खोदलेले आहे. फक्त दहा क्रमांकात सोळा खोल्या आहेत आणि तीन क्रमांकात अठरा.