हत्तीची बंदूक

जिचें नुसतें ओझें वाहण्यास धट्टाकट्टा मनुष्य लागावा, जिचा बार काढतांच काढणारानेंच कोलमडून पडावें, अशी बंदूक लोक एके काळीं हौसेनें कां बाळगीत? या प्रश्नाचें उत्तर एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज शिकाऱ्यांच्या इतिहासांत सांपडतें; आणि तें जितकें शौर्याचें आहे तितकेंच भीतीचेंही आहे.

त्या काळीं बंदुकीचें माप ‘बोअर’वर सांगत. एका रत्तल शिशाच्या, नळीत बसतील अशा जितक्या गोळ्या होतील, तितक्या बोअरची ती बंदूक. म्हणजे आंकडा जितका लहान, तितकी बंदूक मोठी. बारा बोअरची बंदूक पक्ष्यांस पुरे. चार बोअरची गोळी पाव रत्तलाची, म्हणजे जवळजवळ दहा तोळ्यांची! एवढें वजन लागण्याचें कारण काळी दारू. तिच्यानें गोळीचा वेग सेकंदास दीड-पावणेदोन हजार फुटांपलीकडे फारसा जात नसे. दारू वाढवावी तर धूर आणि धक्का मात्र वाढे. वेग वाढत नाहीं, तेव्हां गोळीचें वजन वाढवावें, एवढाच मार्ग उरे.

या मार्गानें सॅम्युएल बेकर सर्वांपुढें गेला. १८४० सालीं, अवघ्या एकोणीस वर्षांच्या या तरुणानें ब्रिस्टल येथील गिब्ज नांवाच्या कारागिराकडून एकवीस रत्तल वजनाची रायफल करवून घेतली, आणि पुढें सिलोनच्या रानांत हत्तींवर तिची परीक्षा पाहिली. इतक्यानेंही त्याचें समाधान झालें नाहीं. नाईल नदीच्या शोधास निघतांना त्यानें लंडनच्या हॉलंड याजकडून अर्ध्या रत्तलाचा स्फोटक गोळा फेंकणारी बंदूक बनवून घेतली. तिला तो लाडानें ‘बेबी’ म्हणे. त्याचे अरब सोबती मात्र तिला ‘तोफेचें पोर’ म्हणत. बेकर अंगापिंडानें दांडगा. पण ती झाडतांच तोही भोंवऱ्यासारखा गरकन् फिरे. म्हणून तो तिच्या वाटेस क्वचितच जाई. तरी ती जवळ असावी, एवढें मात्र त्यास वाटे. मोठ्या बंदुकीच्या मोहाचें मर्म येथेंच आहे. ती चालविण्यापेक्षां ती हाताशीं आहे, या जाणिवेंतच तिचें सुख असतें.

दुसरा प्रसिद्ध शिकारी फ्रेडरिक सेलस. १८७१ सालीं तो दक्षिण आफ्रिकेंत उतरला, तेव्हां त्यास वीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. खिसा हलका; म्हणून बर्मिंगहॅमच्या बनावटीच्या, सहा पौंड किंमतीच्या, चार बोअरच्या दोन ओबडधोबड ठासणीच्या बंदुका त्यानें घेतल्या. पिशवींतून मुठीनें दारू काढून तो नळीत ओती. त्या दोन बंदुकांनीं त्यानें तीन हंगामांत अठ्ठ्याहत्तर हत्ती मारले. एकदां चुकून दुहेरी बार भरला गेला आणि सेलस जमिनीवरून उचलला जाऊन तोंडघशीं वाळूंत पडला! पुढें त्यानें स्पष्ट लिहून ठेवलें, कीं या बंदुकांच्या धक्क्यांनीं आपल्या मज्जातंतूंवर कायमचा परिणाम झाला, आणि त्यांचें तोंड पाहिलें नसतें तर बरें झालें असतें.

पुढें निर्धूम दारू आली आणि सारें गणितच बदललें. १८९८ च्या सुमारास रिग्बी यांनीं ०.४५० इंच नळीची दुनळी रायफल काढली. तिची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे अवघ्या पावणेतीन तोळ्यांची. पण वेग सेकंदास २,१५० फूट. १९०७ सालीं हिंदुस्थान सरकारनें या मापाच्या काडतुसांस बंदी केली. कारण बंडखोरांच्या हातीं गेलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांस तीं उपयोगी पडतील, ही धास्ती. कारखानदार डगमगले नाहींत. त्यांनीं ०.४६५, ०.४७०, ०.४७५ अशीं नवीं मापें काढलीं.

मग हत्तीस खरोखर केवढी गोळी लागते? याचा निकाल स्कॉटलंडच्या बेलनें लावला. ‘करामोजो’ बेल म्हणून तो ओळखला जाई. त्यानें मेलेल्या हत्तीची कवटी करवतीनें उभी कापून मेंदूची नेमकी जागा पाहून ठेवली, आणि मग हजारांहून अधिक हत्ती मारले. त्यांतले बहुतेक साध्या सात मिलिमीटरच्या रायफलीनें. तोफेच्या पोरास जें कष्टानें साधलें, तें सैनिकाच्या हातांतील गोळीस ज्ञानाच्या बळावर सहज साधलें.

इतकें सिद्ध झाल्यावर मोठ्या बंदुकीचा मोह ओसरावयास हवा होता. पण मोह उपयोगावर थोडाच अवलंबून असतो! १९८८ च्या सुमारास, हॉलंड अँड हॉलंड यांनीं एका अमेरिकन षौकिनासाठीं ०.७०० इंचाची रायफल घडविली. कां? तर ०.६०० इंचाची अखेरची बंदूक त्यांनीं आधींच विकून टाकली होती. षौकिनास मोठी बंदूक हवी होती; हत्ती हवाच होता असें नव्हे. अशा बंदुका आज कित्येकजण निशाणबाजीच्या मैदानावर केवळ धडाका अनुभवण्यासाठीं झाडतात, आणि त्यांत कोणाचें नुकसान नाहीं.

हत्तीचा हिशेब मात्र निराळा आहे. त्याचे सुळे पियानोच्या पट्ट्या आणि बिलियर्डचे चेंडू होऊन दिवाणखान्यांत गेले. १९७२ च्या कायद्यानें भारतांत हौशी शिकारीस आळा बसला, आणि १९८९ सालीं हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद करण्याचें ठरलें. बेकरची बंदूक त्याच्या खांद्यास जड झाली, सेलसची त्याच्या मज्जातंतूंस. परंतु तिचें खरें ओझें ज्यानें वाहिलें, त्याचें नांव कोणत्याही शिकारकथेंत नायक म्हणून आलेलें नाहीं.