चंदीगडच्या थंडीत अळूवर्गीय शोभेच्या रोपांची निगा

चंदीगडमध्ये दरवर्षी डिसेंबर महिन्यात सेक्टर ३३ मधील टेरेस्ड गार्डन येथे शेवंतीचे प्रदर्शन भरते. शेवंती ऐन बहरात असते त्याच सुमारास शहरातील घरांच्या व्हरांड्यांतील आणि गच्च्यांवरील अळूवर्गीय रोपांची स्थिती मात्र उलट होते. हत्तीच्या कानाएवढी रुंद असणारी त्यांची पाने पिवळी पडून माना टाकू लागतात. रोप मेले असे समजून काही जण कुंडी रिकामी करतात, तर काही जण पाणी वाढवतात. पहिल्या उपायाने जिवंत कंद फेकला जातो आणि दुसऱ्याने तो कुजतो.

शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसलेल्या या शहरात जानेवारीत रात्रीचे तापमान सरासरी ६ ते ७ अंश सेल्सियसपर्यंत उतरते आणि थंडीच्या लाटेत त्याहूनही खाली जाते. डिसेंबरअखेर व जानेवारीत दाट धुके पडले की अनेक दिवस सूर्यदर्शन होत नाही. अळूवर्गीय वनस्पती मूळच्या उष्ण व दमट प्रदेशातील. रात्रीचे तापमान १५ अंशांखाली गेले की त्यांची वाढ मंदावते, १० अंशांखाली पानांना इजा होऊ लागते आणि दहिवर पडल्यास पाने एका रात्रीत काळी पडतात.

रोपाची निगा कशी राखावी, हे ते कोणत्या जातीचे आहे यावर ठरते. महाराष्ट्रात अळू व उत्तरेत अरबी या नावाने परिचित असलेली कोलोकेशिया आणि रंगीत पानांचे कॅलेडियम या वनस्पती प्रतिकूल ऋतूत पाने टाकून कंदाच्या रूपाने विश्रांती घेतात. कोकणात पावसाळ्यात उगवणारे रानातले तेरे पाऊस सरल्यावर असेच वाळून जाते. तेथे कारण पाण्याचा अभाव असते, चंदीगडमध्ये थंडी. लष्करातील वा बँकेतील नोकरीच्या निमित्ताने येथे आलेल्या आणि वडीसाठी कुंडीत अळू लावणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे ध्यानात घेतल्यास त्यांना दरवर्षी गावाहून नवा कंद आणावा लागणार नाही. अलोकेशियाचे बहुतेक प्रकार मात्र सदाहरित असून त्यांना हिवाळाभर प्रकाश व ऊब लागते. रोपवाटिकांतून सर्रास विकला जाणारा, गडद पानांवर पांढऱ्या शिरा असलेला ‘अमेझॉनिका’ याच गटातला. नावावरून वाटते तसा त्याचा अमेझॉन नदीशी संबंध नाही. अमेरिकेतील मायामी येथील अमेझॉन नावाच्या रोपवाटिकेवरून तो ओळखला जाऊ लागला.

कुंड्या घरात घेण्यास ऑक्टोबरअखेरचा, साधारणपणे दिवाळीच्या आसपासचा काळ योग्य ठरतो. त्यापूर्वी पानांच्या मागील बाजूस पिठ्या ढेकूण अथवा कोळी ही कीड नाही ना, हे पाहून पाने ओल्या फडक्याने पुसून घ्यावीत. बाहेर नगण्य असलेली कीड हीटरमुळे कोरड्या झालेल्या खोलीत झपाट्याने पसरते.

हिवाळ्यात ही रोपे सर्वाधिक दगावतात ती पाण्याच्या अतिरेकाने. माती थंड झाली की मुळांची पाणी शोषण्याची गती घटते. साचलेल्या पाण्यामुळे मुळांना हवा मिळेनाशी होते आणि कुजवणाऱ्या बुरशीस वाव मिळतो. मुळे कुजल्यावर पाने मलूल दिसतात, ती तहानेची खूण समजून आणखी पाणी घातले जाते आणि रोप हातचे जाते. म्हणून वरची सुमारे पाच सेंटिमीटर माती बोटाला कोरडी लागल्यावरच, शक्यतो दुपारी व कोमट पाणी द्यावे. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी लगेच ओतून टाकावे. प्लॅस्टिकच्या कुंडीत मातीच्या कुंडीपेक्षा ओल अधिक काळ टिकते. पानांच्या टोकांवर सकाळी दिसणारे थेंब हा रोग नव्हे. मातीत पुरेशी ओल असल्याचे ते लक्षण आहे. मार्चपर्यंत खत देऊ नये.

प्रकाशासाठी दक्षिणेची खिडकी उत्तम. डिसेंबरच्या उत्तरार्धात चंदीगडमध्ये माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३६ अंश उंचीवर असतो, त्यामुळे ऊन खोलीत दूरवर पोहोचते. ल कॉर्बुझिए यांनी येथील इमारतींना दिलेल्या सूर्यरोधक झडपांचे गणितही हेच होते: उन्हाळ्यातील ऊन अडवायचे आणि हिवाळ्यातील आत येऊ द्यायचे. धुक्याच्या दिवसांत साधी पांढरी एलईडी नळी रोपाजवळ दहा-बारा तास लावल्यास उपयोग होतो. रात्री पाने काचेला टेकू देऊ नयेत आणि ब्लोअरचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नये. ऊब मिळावी म्हणून बंद खोलीत कोळशाची अंगीठी पेटवणे तर रोपांसाठीच काय, माणसांसाठीही प्राणघातक ठरू शकते.

कोलोकेशियाची पाने पिवळी पडल्यास पाणी हळूहळू बंद करून कुंडी कोरड्या कोपऱ्यात, जिन्याखाली वगैरे ठेवावी. कंद काढून ठेवायचे असल्यास ते काही दिवस सावलीत वाळवून कोरड्या वाळूत किंवा नारळाच्या भुशात ठेवावेत आणि महिन्यातून एकदा दाबून पाहावेत. मऊ पडलेला कंद वेगळा करावा. कॅलेडियमच्या कंदांना अधिक ऊब लागत असल्याने ते घराच्या आतील भागात ठेवणे इष्ट.

कुंड्या घरात आल्याने एक धोकाही आत येतो. या वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चघळल्यास तोंडाची व घशाची तीव्र आग होते, प्रसंगी सूज येते. अळूच्या भाजीत चिंच अथवा आमसूल घालण्याची परंपरा याच खाजेमुळे रूढ झाली. शोभेच्या जातींची पाने स्वयंपाकात वापरू नयेत आणि कुंड्या रांगत्या मुलांच्या व पाळीव प्राण्यांच्या आवाक्याबाहेर ठेवाव्यात. मुलाने पान चघळल्यास तोंड पुसून थंड पाणी अथवा दूध द्यावे. गिळण्यास वा श्वसनास त्रास होत असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

फेब्रुवारीत झाकिर हुसेन गुलाब उद्यानात गुलाब महोत्सव भरतो तेव्हा दिवसा ऊब जाणवू लागते, परंतु रात्री अजून थंडच असतात. होळीनंतर, रात्रीचे तापमान १५ अंशांवर स्थिरावल्यावर कुंड्या बाहेर काढाव्यात, पहिले आठ-दहा दिवस सावलीत. कोरड्या ठेवलेल्या कुंडीतील कंद याच सुमारास नव्या मातीत लावून थोडे थोडे पाणी सुरू करावे. कोंब वर येण्यास तीन-चार आठवडेही लागतात. तोवर माती केवळ ओलसर ठेवावी.