१० फेब्रुवारी १९४९ : पुणे विद्यापीठाची स्थापना

विद्यापीठासाठी बाळासाहेब खेरांच्या सरकारने गणेशखिंडीतली चारशेहून अधिक एकर जागा दिली आणि लाटसाहेबांच्या पावसाळी मुक्कामाच्या वाड्यात कुलगुरूंचे कार्यालय थाटले गेले. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी याच वाड्यात झाली. तिथून परतणाऱ्या पुण्याच्या प्लेग अधिकारी रँडवर दामोदर चाफेकरांनी वाटेतच गोळी झाडली. त्याच वाड्यातून पुढे पदवीदानाच्या मिरवणुका निघाल्या, हा काळाचा सूडच म्हणायचा!

पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर. ग्रंथालयाला आज त्यांचेच नाव आहे. सुरुवातीला कार्यक्षेत्र बारा जिल्ह्यांचे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, आणि कार्यक्षेत्र पुणे, नगर, नाशिकपुरते उरले. विद्यार्थ्यांची गर्दी मात्र वाढतच गेली. आवारात १९८८ साली जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. ती विद्यापीठाची नव्हे, शेजारीण; पण तिच्यामुळे खगोलशास्त्राच्या नकाशावर गणेशखिंडीचे नाव गेले. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. ते त्याआधीच मिळायला हवे होते.