आजीचं नाणं आणि राजाची थैली

ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी आमच्या तारोडी-डोंगरीकडच्या देवळात एक जादा पाकीट फिरतं. (आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) त्यावर लिहिलेलं असतं, 'मिशन रविवार'. लहानपणी आजी कमरेच्या पिशवीतून एक नाणं काढून माझ्या हातात ठेवायची. भाजी विकून आलेल्या पैशांतलं ते नाणं. "टाक बाबा, मिशनला," एवढंच म्हणायची. मिशन म्हणजे काय, हे मी तिला कधी विचारलं नाही.

विचारलं ते मला, आणि तेही दोन वर्षांपूर्वी, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये. बोलता बोलता या पाकिटाचा विषय निघाला. माझ्या टीममधला मित्र म्हणाला, "रागावू नकोस, पण हे पैसे धर्मांतरासाठीच जातात ना?" मी हसून विषय बदलला. राग आला म्हणून नव्हे, उत्तर माहीत नव्हतं म्हणून. त्याच वर्षी फादरनी मला पाकिटांची मोजणी करायला बोलावलं होतं, शिवाय 'क्यूआर कोडचं तेवढं बघ' असंही सांगितलं होतं. ज्या पैशाचा क्यूआर मी बनवणार, तो कशाचा आहे हे मलाच ठाऊक नसावं, हे बरं वाटेना. सिस्टिम कळत नसली की आम्ही जुने लॉग वाचतो. मी इतिहास वाचायला घेतला.

सुरुवात १५३४ पासून. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहात वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. आमचं धारावी बेटही त्यातच गेलं. ही मुंबईतली धारावी नव्हे. भाईंदरच्या पश्चिमेला उत्तन, डोंगरी, तारोडी, गोराई या गावांचा जो पट्टा आहे, तो हा. तेव्हाच्या मिशनचा खर्च राजा करायचा. पोपने पोर्तुगालच्या राजाला तसा अधिकारच दिला होता, त्याला 'पाद्रोआदो' म्हणतात. चर्च बांधायचं राजाने, धर्मगुरू पोसायचे राजाने, आणि बिशप कोण व्हावा हेही राजानेच सुचवायचं.

राजाची थैली आली की राजाची तलवारही मागून येते. बोरीवलीतली मंडपेश्वर लेणी पाहून या. शंकराच्या त्या लेण्याचं सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी चर्च केलं होतं. माझे पूर्वज ख्रिस्ती झाले ते याच काळात. कुणी मनापासून झालं असेल, कुणी सवलतीसाठी, कुणी धाकाने. यातलं एकही कारण मी नाकारू शकत नाही. मित्राच्या प्रश्नाला इथे मुळं आहेत, हे आधी मान्य केलं पाहिजे.

पण लॉग इथे संपत नाही. १७३९ मध्ये मराठ्यांनी धारावीचा किल्ला घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी आप्पांसमोर वसई पडली. थैली गेली, तलवारही गेली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. सर्व्हर बंद झाला की ॲपही बंद पडायला हवं. इथे ते पडलं नाही. गोव्याचे आणि इथलेच धर्मगुरू देवळं सांभाळत राहिले. पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली, पण तोवरची पस्तीस वर्षं आमच्या भागावर मराठ्यांचं राज्य होतं. त्या काळात ख्रिस्ती राहण्यात सरकारदरबारी काही फायदा नव्हता आणि पोर्तुगीजांचा धाकही उरला नव्हता. तरी माणसं राहिली. माझ्या श्रद्धेचा उगम कुठलाही असो, ती टिकली ती लोकांनी टिकवली म्हणून.

आता आजीच्या नाण्याकडे येतो. ही पद्धत राजाकडून आलेली नाही. ती आली फ्रान्समधल्या लियों शहरातून. पोलीन जारिको ही तिथल्या रेशीम व्यापाऱ्याची मुलगी. वयाच्या विशीत तिने एक साधा हिशोब मांडला. रेशीम कारखान्यातल्या कामगारांनी आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी बारकं नाणं, मिशनसाठी द्यायचं. दहा जणांमागे एक जण गोळा करणार, अशा दहा गटांमागे आणखी एक, आणि त्यांच्यावर पुन्हा एक. तीन पायऱ्यांत हजार माणसं. हे वाचताना मला हसूच आलं, कारण आम्ही कॉलेजात 'ट्री' म्हणून शिकलो ते हेच. ३ मे १८२२ रोजी यातूनच श्रद्धाप्रसाराची संस्था उभी राहिली. पोलीन स्वतः मात्र एका फसलेल्या कारखान्यात सगळं गमावून बसली आणि जानेवारी १८६२ मध्ये गरिबीत वारली.

त्याच वर्षी जून महिन्यात रोममध्ये वसईच्या एका मुलाला संत घोषित केलं गेलं. त्याचं नाव गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. तो जपानला गेला, तिथे दुभाष्या झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस साथीदारांसह क्रुसावर मारला गेला. तेव्हा मिशन म्हणजे बाहेरून आपल्याकडे येणारी गोष्ट एवढंच नव्हे. इथून जाणारेही होते.

राजाच्या थैलीचा धोका पुन्हा एकदा दिसला तो पहिल्या महायुद्धात. मुंबई-पुण्याकडची मिशनं तेव्हा जर्मन जेझुइटांच्या हाती होती. इंग्रजांनी त्यांना शत्रू ठरवून नजरकैदेत ठेवलं आणि मायदेशी धाडलं. १९१९ मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी एका पत्रात बजावलं की मिशनऱ्याने आपल्या देशाचं हित पाहू नये आणि स्थानिक धर्मगुरू तयार करावेत. मिशन रविवार ठरला त्यानंतर, १९२६ मध्ये.

त्या दिवशी जगभरातून जमलेला पैसा एका समाईक निधीत जातो आणि गरीब धर्मप्रांतांना वाटला जातो. त्यातून धर्मशिक्षक तयार होतात, सेमिनरी चालतात, छोटी चर्चं उभी राहतात, शाळा आणि दवाखाने चालतात. त्यात धर्मप्रचार नसतो असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल. असतो. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने प्रचाराचा हक्क दिला आहे. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची सीमाही सांगितली : आपला धर्म समजावून सांगणं हा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा हक्क नाही. मला ही सीमा पटते. मंडपेश्वर पाहिलेल्या माणसाला ती पटायलाच हवी.

गेल्या वर्षी मित्राला हे सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मग तू टाकतोस का?"

टाकतो. पण आजीसारखं न विचारता नाही. यंदा आम्ही तरुणांनी फादरना विचारून प्रत्येक पाकिटासोबत एक चिठ्ठी दिली : हा पैसा कुठे जातो, कशासाठी जातो, चार ओळींत. मिस्सानंतर एक म्हातारी चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आली. "बारीक अक्षर आहे रे, वाचून दाखव." मी वाचली. तिने मान हलवली, पिशवीत हात घातला आणि पाकिटात नाणं टाकलं. क्यूआर कोडकडे तिने पाहिलंही नाही.

तो माझाच होता. तरी मीही खिशातलं नाणंच टाकलं.